परिच्छेद चौदा

दि. ३ मार्च

चि. झिपरीस,

तुझ्या तक्रारीचा मसुदा काल टपालाने पोहोचला. आशीर्वाद शेवटी देईन, आधी चुका.

परिच्छेद तीनमध्ये तू लिहितेस की जंगल राखण्याच्या नावाने आलेल्या जंगलनिधीचे अधिकारी सात वर्षांपूर्वी १२ ऑक्टोबरला खोऱ्यात आले आणि शाळेत सभा झाली. सभा १४ ऑक्टोबरला झाली. ती शाळेत नव्हे, डिंकाच्या गोदामात झाली. शाळेत त्या आठवड्यात परीक्षा चालू होती. १२ ही तारीख तुला कोणी सांगितली हे मला ठाऊक नाही. ती खोडली आहे.

परिच्छेद पाचमध्ये कुंपणाचे खांब आणि तार तू एकाच दिवशी लावून मोकळी झालीस. खांब तीन वर्षांपूर्वी ९ मार्चला रोवले आणि तार २७ मार्चला ओढली. मधले अठरा दिवस गाळण्यासारखे नाहीत. त्या अठरा दिवसांत आम्ही तीन वेळा विचारले की हे खांब कशाचे, आणि तीनही वेळा उत्तर मिळाले की प्राण्यांची गणना करावयाची आहे.

परिच्छेद आठमध्ये 'सुमारे चारशे लोक' आहेत. माणसे सुमारे नसतात. वरच्या उतारावर तीन वस्त्या, एकशे बारा घरे आणि पाचशे सहा माणसे आहेत. यांत परवा जन्मलेली मुलगी धरली आहे. १ जुलैपर्यंत या सर्वांनी घरे रिकामी करावीत अशी वनखात्याची नोटीस आहे. हा आकडा चुकला तर कोणाला तरी उघड्यावर ठेवून आपण खटला जिंकू.

परिच्छेद नऊमध्ये तू आम्हांला 'स्थानिक लाभार्थी' म्हटले आहेस. हा शब्द निधीच्या पत्रकांतून तुझ्या लेखणीला चिकटला असावा. लाभार्थी म्हणजे ज्याला कोणीतरी काहीतरी देतो. आम्हांला कोणी जंगल दिलेले नाही. 'हक्कदार' लिही.

परिच्छेद अकरा मात्र मी दोनदा वाचला. अनेक देशांनी मिळून केलेल्या कराराच्या नियमांत, जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची संमती दडपणाविना, काम सुरू होण्यापूर्वी आणि सर्व माहिती देऊन घेतली पाहिजे, आणि ती नसेल तर निधीला त्या जंगलाला हात लावता येत नाही, असे स्वच्छ छापलेले आहे हे मला ठाऊक नव्हते. तुझ्या शिक्षणाला मी प्रथमच मनोमन दाद दिली. तिथेही एक स्वल्पविराम कमी आहे.

एवढ्या पाच ठिकाणी लाल शाई केली आहे. वहिनींची, म्हणजे तुझ्या आईची, प्रकृती उत्तम आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी दोन बाळंतपणे केली आणि एका जावयाला दारातून हाकलले.

अनेक आशीर्वाद.

तुझा काका

•

दि. १९ मार्च

ती. काकांना नमस्कार.

तुमचा लाल मसुदा मिळाला. माझ्या खोलीखाली कपडे धुण्याचं दुकान आहे, तिथल्या मावशींनी पाकीट आणून दिलं आणि आतली पानं बघून विचारलं, "परीक्षेत नापास झालीस का?" मी म्हटलं, नाही, काकांनी आशीर्वाद पाठवलेत.

सगळ्या दुरुस्त्या केल्या. 'हक्कदार' बद्दल खास आभार. ही तक्रार ज्या आंतरराष्ट्रीय मंडळापुढे जाते त्याच्या इमारतीत शिरताना आठ देशांचे वकील माझ्या आजूबाजूला असतात आणि सगळे 'लाभार्थी, लाभार्थी' म्हणत असतात. कानावर पडून पडून माझ्याही हातातून उतरला तो.

आता मुख्य गोष्ट. परिच्छेद चौदाला तुम्ही हातच लावला नाहीत. मला तर त्याच परिच्छेदाची भीती होती. निधीचे वकील सांगत फिरताहेत की त्यांच्याकडे गोदामातल्या सभेचं इतिवृत्त आहे आणि त्यात संमतीचा ठराव आहे. मी ते अजून पाहिलेलं नाही. मी सरळ लिहून टाकलं की खोऱ्याच्या सभेनं अशी संमती कधी दिलीच नाही, आणि असा कागद असेल तर तो निधीच्या कार्यालयात तयार झालेला बनावट कागद आहे. खोऱ्याचे चिटणीस (म्हणजे तुम्हीच!) चाळीस वर्षं एकही खाडाखोड न करता इतिवृत्त लिहीत आलेत, त्यांच्या हातून असलं काही होणं शक्य नाही, असंही जोडलं.

तुम्ही स्वल्पविराम सोडत नाही. तेव्हा चौदावर लाल शाई नाही म्हणजे तो तुम्हाला मान्य आहे, असं धरून मी काल तक्रार दाखल केली. सुनावणी ९ जूनला आहे.

फोन का करत नाही असं आई विचारत असेल तर सांगा की फोनवरच्या बोलण्याला तारीख नसते असं तिच्याच दिराचं म्हणणं आहे.

तुमची झिपरी

•

दि. ६ एप्रिल

चि. झिपरीस अनेक आशीर्वाद.

दाखल करण्यापूर्वी आठवडाभर थांबली असतीस तर बरे झाले असते. असो.

मागच्या मंगळवारी वनरक्षक पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आले आणि तिन्ही वस्त्यांतल्या प्रत्येक दारावर क्रमांक घालून गेले. क्रमांकाखाली '१ जुलै' अशी तारीख. तुमच्या घरावर २३ आहे. वहिनी दारातच धान्य निवडीत बसल्या होत्या. त्यांनी रंगवणाऱ्याला विचारले, हा आकडा घराचा की माझा? तो म्हणाला, घराचा. त्या म्हणाल्या, "मग घराला विचारून लिहिलास का?" तो बिचारा पंचविशीतला, खालच्या गावचा. त्याचा जन्मही वहिनींच्याच हातून झालेला. त्याने ब्रश खाली ठेवला, त्यांच्या पाया पडला, आणि मग उरलेला तीनचा आकडा पुरा केला.

क्रमांक पुसावयास लोक निघाले तेव्हा वहिनींनी अडवले. म्हणाल्या, राहू दे, आपणही लिहू. त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि दारोदार जाऊन प्रत्येक पिवळ्या आकड्याखाली एक काळा आकडा घातला: त्या घरात त्यांच्या हातून झालेल्या बाळंतपणांचा. तुमच्या २३ खाली १ आहे, म्हणजे तू. तुला त्यांनी स्वतःच सोडवून घेतले होते, शेजारीण पोहोचेपर्यंत. एका घरावर ९ आहे. वरच्या वस्तीतील बेरीज चुकली असे मला वाटले होते. मी पडताळली. चुकलेली नव्हती.

दुसरे असे. परिच्छेद चौदामधील 'निधीच्या कार्यालयात तयार झालेला बनावट कागद' हे शब्द अद्याप सौम्य करता येतील काय? अगदी काढताच आले तर अधिक चांगले. चिटणीसाची स्तुतीही अनावश्यक आहे. अर्जात विशेषणे शोभत नाहीत.

कारण विचारू नये.

तुझा काका

•

दि. २ मे

काका,

कारण विचारायची गरज उरली नाही.

निधीचं उत्तर आलं. सोबत हजेरीपत्राची आणि इतिवृत्ताची छायाप्रत आहे, तुम्हालाही एक पाठवतेय. दोन पानं, एकही खाडाखोड नाही, समास दोन बोटांचा, आणि तुमचा तो 'ज्ञ', ज्याची शेपटी मी लहानपणी गिरवून गिरवून बोटं दुखवून घेतली. अक्षरतज्ज्ञाची गरज त्यांना नाही आणि मलाही नाही. मी मंडळाला लेखी सांगितलंय की हा कागद बनावट आहे. तो तुम्ही लिहिलाय.

आणि त्यातलं पहिलं वाक्य: 'सभेच्या प्रारंभी सुईणबाईंनी प्रस्तावाचे स्वागत करून त्यास संमती दर्शविली.'

आईनं.

म्हणजे तुम्ही परिच्छेद चौदावर लाल शाई का केली नाहीत ते आता कळलं. आईला झाकत होतात. सभेत तिनं हो म्हटलं, तिच्यामागून सगळ्यांनी म्हटलं, तुम्ही इमानदारीनं लिहून घेतलंत, आणि नंतर कुंपण आलं तेव्हा कुणालाच ते आठवायचं नव्हतं. माझ्याशिवाय सगळ्या खोऱ्याला ठाऊक असणार. मी इथे आठ देशांच्या वकिलांसमोर हक्क हक्क म्हणून ओरडतेय आणि माझ्या आईचा होकार त्यांच्या फाइलीत आहे.

तिच्यावर मी रागावले नाहीये. त्या वर्षी बाबा गेले होते, घरात मीही नव्हते, कुणी गोड बोललं असेल, दवाखाना देऊ म्हणालं असेल. पण सात वर्षांत एक शब्द? मी तिची शेवटची दोन पत्रं न फोडता ठेवलीत. आत्ता फोडली तर काहीतरी वाईट लिहीन.

२२ मेपर्यंत तक्रार मागे घेता येते. मी तसा अर्ज तयार केलाय. खोटं बोलून मंडळासमोर उभं राहायला मला तुम्हीच शिकवलं नाहीत.

आईला यातलं काही सांगू नका.

झिपरी

•

दि. ९ मे

चि. झिपरीस,

तो अर्ज फाड. मग पुढे वाच.

तुझ्या आईने संमती दिली नाही. त्या दिवशी ती गोदामात नव्हती. ते वाक्य मी लिहिले, आणि ते सभेच्या आदल्या दिवशी लिहिले.

माझी कामाची रीत तुला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. खाडाखोड नसलेले इतिवृत्त लोक चाळीस वर्षे वाखाणीत आले. ते तसे असते कारण मी ते आदल्या दिवशीच घरी बसून सुवाच्य लिहून ठेवतो. आपल्या सभेत काय ठरणार हे बहुधा आधीच माहीत असते: गोदामाचे कुलूप बदलणे, पायवाटेची डागडुजी. सभेत मी कच्च्या वहीत टिपणे घेतो आणि फरक पडला तर नवी प्रत करतो. चाळीस वर्षांत फरक चारदा पडला. पाचवी वेळ ही होती.

तुझी १२ तारीख बरोबर होती. मी ती खोडली. १२ ऑक्टोबरला निधीचा संवाद-अधिकारी, ज्याला आपले लोक 'हसरे साहेब' म्हणत, तो सभेला नव्हे, माझ्या घरी आला होता. त्याने ठरावाचा मसुदा दिला आणि म्हणाला की तुमच्यासारखं लिहिणारं आमच्या अख्ख्या कार्यालयात कुणी नाही, भाषा तेवढी बघून द्या. मी अकरा चुका काढल्या. मग तो ठराव इतका नीट दिसू लागला की १३ तारखेला मी त्याचे संपूर्ण इतिवृत्त तयार करून टाकले. सभेत प्रथम नेहमी वहिनी बोलतात, म्हणून पहिले वाक्य त्यांना दिले.

१४ तारखेला लोक दुपारपर्यंत बोलले. मध काढणाऱ्या म्हाताऱ्याने विचारले, "जंगल तुम्ही राखणार म्हणता, मग आजवर आम्ही काय करत होतो?" साहेब हसले. शेवटी असे ठरले की नकाशा हातात घेऊन आधी सगळी हद्द चालून पाहावी आणि मग पुन्हा बसावे. होकार नाही, नकारही नाही. नकाशा कधी आला नाही, म्हणून दुसरी सभाही झाली नाही.

साहेबांनी उठताना हजेरीचा कागद उचलला. त्यावर अठ्ठावन्न सह्या आणि अंगठे होते. त्याखाली माझी सुवाच्य प्रत होती. तीही उचलली आणि दोन्हींना टाचणी लावली. मी म्हणालो, ते कच्चे आहे. ते म्हणाले, "इतकं सुंदर कच्चं?"

आणि येथे ते वाक्य आहे जे मी सात वर्षे लिहिले नाही: मला बरे वाटले.

दोन दिवसांनी मी प्रत परत मागणारे पत्र टाकले. साध्या टपालाने, पोच नाही. त्यानंतर मी गप्प बसलो. तुझ्या परिच्छेद चौदावरही गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तू होकार असा घेतलास. हसरे साहेबांनी गोदामात हेच केले होते. त्यांना मी सात वर्षे मनातल्या मनात शिव्या देत आलो. तुला देता येणार नाहीत, कारण चूक तुझी नाही.

तक्रार मागे घेऊ नकोस. परिच्छेद चौदा मागे घे आणि त्याच्या जागी हे पत्र घाल. संपूर्ण.

वहिनींची पत्रे फोड.

तुझा काका

•

दि. १७ मे

काका,

पत्रं फोडली. एकात लोणच्याची बरणी कशी बांधून पाठवायची ते आहे आणि दुसऱ्यात, मी उत्तर का देत नाही, मला ताप तर नाही ना, ते आहे. पाठीत कुणी धपाटा घालावा तसं झालं. आईला लिहिलंय. तिला काय लिहिलं ते तिला विचारा.

तुमच्यावर मी किती चिडलेय ते या कागदावर मावणार नाही, तेव्हा कामाचं बोलते.

अर्ज फाडला. पण तुमचं पत्र जसंच्या तसं घालणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे. निधीच्या वकीलबाई हुशार आहेत. त्या विचारतील, हा माणूस तेव्हा खोटं लिहीत होता की आता? चाळीस वर्षांची तुमची सगळी दप्तरं, जी मी जंगलावरच्या वहिवाटीचा पुरावा म्हणून जोडलीत, ती त्या एका दमात कचऱ्यात काढतील. तुमची कच्ची वही दाखवली तर म्हणतील, काल लिहिली. तुमच्या हातचं काहीही आता चालणार नाही.

माझ्या वरिष्ठांनी मार्ग सुचवलाय: आपण म्हणायचं की इतिवृत्ताच्या लेखनात 'त्रुटी' राहिल्या आहेत आणि त्यामुळे ते संमतीचा पुरावा म्हणून पुरेसं नाही. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, यात शिरायचं नाही. तुमचं नाव खराब होत नाही, दप्तरं वाचतात. जिंकू की नाही सांगता येत नाही, पण लाजिरवाणं तरी होणार नाही.

नाहीतर मला तुमच्या हातचं नसलेलं काहीतरी द्या, जे सांगेल की ते पान सभेआधीचं आहे. २८ मेपर्यंत.

झिपरी

•

दि. २५ मे

चि. झिपरीस,

तुझ्या वरिष्ठांना माझा नमस्कार कळव आणि सांग की 'त्रुटी' हा शब्द मी स्वीकारीत नाही. समासात शाई सांडणे ही त्रुटी. जिवंत बाईच्या तोंडी तिने न दिलेला होकार घालणे याला मराठीत त्रुटी म्हणत नाहीत.

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, असं तोंड करून आलात, कुणी गेलं की काय? मी सर्व सांगितले. त्यांनी मधे एकदाही टोकले नाही. हे मी चाळीस वर्षांत प्रथमच पाहिले. मग म्हणाल्या:

"भावजी, सात वर्षं माझा होकार तुमच्या वहीत? अहो, तुमच्या भावाशी लग्नाला सुद्धा मी एका बैठकीत हो म्हटलं नव्हतं."

त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या, मला न देता स्वतः प्यायल्या, आणि म्हणाल्या की त्या दिवशी मी कड्यापलीकडे होते, आरोग्य उपकेंद्रात, गोदाम सोडा, खोऱ्यातही नव्हते. तारीख त्यांना आठवत नव्हती. बाळंतपण आठवत होते: पायाळू मुलगी, दोन वेढे नाळेचे, आणि नर्सबाई नवीन, हात कापणाऱ्या. त्यांच्या आठवणीत वर्षे नसतात, मुले असतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे कडा चढून उपकेंद्रात गेलो. मी तीन ठिकाणी बसलो. त्या कुठेही बसल्या नाहीत आणि प्रत्येक ठिकाणी माझ्याकडे पाहून उभ्या राहिल्या. त्या वेळच्या नवीन नर्सबाई आता जुन्या झाल्या आहेत. त्यांनी लोखंडी कपाटातून जन्मांची नोंदवही काढली. १४ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे, मुलगी, पायाळू. मदतनीस सुईण या रकान्यात वहिनींची सही. सभा दहा वाजता सुरू झाली, हे निधीच्याच हजेरीपत्रावर छापलेले आहे, आणि उपकेंद्रापासून गोदामापर्यंत पाच तासांची चाल आहे. त्या दिवशीच्या अठ्ठावन्न निशाण्यांत वहिनींची सही नाही. कोणी शोधून पाहिली नव्हती, मीही नाही.

ज्या बाईने एका मुलीला पायाने ओढून जगात आणले, तिने त्याच क्षणी पाच तासांच्या अंतरावर प्रस्तावाचे स्वागत केले, असे माझे इतिवृत्त म्हणते. म्हणजे ते पाहून लिहिलेले नाही. ते आधी लिहिलेले आहे. ही नोंद माझ्या हातची नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या शिक्क्याची प्रत सोबत आहे.

माझे निवेदनही सोबत आहे. त्यात मी लिहिले आहे की कागद खोटा आहे, तो मीच लिहिला, आणि निधीने तो शाईही वाळू न देता उचलला. तू यांतील एकही वाक्य गाळू नयेस. माझे नाव खराब होईल असे तू म्हणतेस. ज्या नावाने हे केले त्याचे तसेच व्हावयास हवे. ते मंडळापुढे उभे राहून होईल, तोंड लपवून नव्हे.

दप्तरे कचऱ्यात काढतील तर काढोत. आपण तिथे राहतो हे सिद्ध करण्यास दप्तर लागत होते, असे आम्हांला कधी वाटलेच नव्हते. प्रत्येक दारावर कोळशाने लिहिलेले आहे. त्याचे छायाचित्र पाठवितो.

खालच्या गावच्या टपाल कार्यालयातील संगणकावरून मंडळाला उत्तरे देता येतील असे पोस्टमास्तर म्हणतात. मी ९ जूनला तेथे असेन. वहिनी येऊ का म्हणून विचारीत नाहीत, येते म्हणून सांगतात.

तुझा काका

•

दि. ११ जून

काका,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

तुम्हाला पडद्यावर काय दिसलं माहीत नाही. इथे सभागृहात भिंतीएवढा तुमचा चेहरा होता, टोपी काढलेला, आणि मागे आईचा अर्धा खांदा. निवेदन वाचून झालं आणि वकीलबाई उठल्या. दुभाष्या शेजारी बसला होता. त्यांनी विचारलं की अधिकृत नोंदीत तुम्ही खोटं लिहिलंत हे कबूल करता का. तुम्ही म्हणालात, होय. मग त्या म्हणाल्या, तर या मंडळानं आज तुमच्यावर विश्वास का ठेवावा?

तुम्ही म्हणालात, "ठेवू नये. जन्मलेल्या मुलीच्या तारखेवर ठेवावा."

आणि लगेच आईचा आवाज आला, पडद्याबाहेरून: "आणि मला कुणी काही विचारणार आहे का, की आताही यांनीच सांगायचं?" दुभाष्यानं तेही भाषांतरित केलं. अध्यक्ष थांबल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढून आईलाच विचारलं, तुमची संमती आहे का. आई म्हणाली की नकाशा आणा, माझ्याबरोबर हद्द चालून दाखवा, मग बसून बोलू, आणि तेव्हाही बहुतेक नाहीच म्हणेन. कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसल्या नाहीत, लिहून घेत होत्या.

काल निर्णय आला. ते इतिवृत्त संमती म्हणून ग्राह्य नाही. पूर्वसंमती घेतलेली नाही. हक्कदारांशी नव्यानं बोलणी होईपर्यंत निधीनं काम थांबवावं आणि वस्त्या हलवू नयेत. त्यांनी 'हक्कदार' लिहिलंय, काका.

आता वाईट भाग. मंडळ फक्त निधीला सांगू शकतं. इथलं वनखातं म्हणतं, नोटीस आमची आहे, आमच्याकडे अजून काही आलेलं नाही. १ जुलैची तारीख त्यांनी मागे घेतलेली नाही. मी रोज त्यांच्या दारात बसतेय. माझ्या वरिष्ठांनी सुचवलं की तोवर माणसं तात्पुरती खाली उतरवावीत. मी म्हटलं, विचारून सांगते. विचारतेय.

आणि अंतिम नोंदीसाठी मंडळाला घटनांच्या तारखा हव्यात. माझ्या तक्रारीत, निधीच्या उत्तरात आणि तुमच्या निवेदनात त्या तीन तऱ्हांच्या आहेत. मी अध्यक्षांना म्हटलं, एकच माणूस ही यादी करू शकतो. त्या म्हणाल्या, तोच? मी म्हटलं, तोच.

तुमची झिपरी

•

दि. २० जून

चि. झिपरीस अनेक आशीर्वाद. या वेळीही आधीच.

तुझ्या वृत्तांतात एक दुरुस्ती: मी टोपी काढली नव्हती, ती वहिनींनी काढली.

माणसे उतरतील काय, असे तू विचारलेस. काल गोदामात विचारले. मी कागद कोरा घेऊन गेलो होतो. एकशे बारा घरांतून माणसे आली होती आणि प्रत्येक घराने स्वतः उत्तर दिले. बोलण्यास संध्याकाळ झाली. ते उत्तर खालच्या यादीत त्याच्या जागी आहे. मी खाडाखोड केली आहे. ती तशीच ठेवावी.

तुझा काका

तारखांची शुद्ध यादी

१२ ऑक्टोबर, सात वर्षांपूर्वी: अधिकारी खोऱ्यात आले. ते चिटणीसाच्या घरी आले. तक्रारीतील ही तारीख मूळ बरोबर होती. चिटणीसाने ती खोडली.

१३ ऑक्टोबर: इतिवृत्त लिहिले. निधीच्या उत्तरात येथे १४ आहे, ते चूक.

१४ ऑक्टोबर: सभा, सकाळी दहा वाजता, डिंकाच्या गोदामात. संमती नाही. त्याच दिवशी दहा चाळीसला उपकेंद्रात मुलगी जन्मली. ती आता सात वर्षांची आहे ~~आणि वरच्या वस्तीत~~ आणि दार क्रमांक ६१ मध्ये राहते.

१६ ऑक्टोबर: चिटणीसाने प्रत परत मागितली. पुरावा नाही, केवळ त्याचा शब्द आहे, त्याचे मोल मंडळाने ठरवावे.

९ मार्च, तीन वर्षांपूर्वी: खांब. २७ मार्च: तार.

१८ मार्च, यंदा: तक्रार दाखल. परिच्छेद चौदा असत्य होता. दोष अर्जदाराचा नाही.

३१ मार्च: दारांवर पिवळे क्रमांक. त्याच दिवशी काळे.

९ मे: चिटणीसाने खरे लिहिले. हे १४ ऑक्टोबरला व्हावयास हवे होते.

१० जून: मंडळाचा निर्णय.

१९ जून: खोऱ्याची सभा. उपस्थित पाचशे सात. परवा आणखी एक मुलगा झाला. प्रश्न: उतरावे काय? एकशे बारा घरांचे उत्तर: नाही.

१ जुलै: वस्त्या रिकाम्या करण्याचा दिवस असे दारांवर लिहिले आहे. ते चूक आहे. त्या दिवशी सकाळी दहा वाजता गोदामात सभा आहे. वनखात्यास आमंत्रण दिले आहे, नकाशा आणण्यास सांगितले आहे. आम्ही सर्व घरी असू. या सभेचे इतिवृत्त अद्याप लिहिलेले नाही.